वासावर विसंबू नका: पीयू रंग फवारायला शिकणाऱ्यांसाठी

रंगकामात नवा आलेला मुलगा पहिल्या दिवशी थिनरच्या वासाने हैराण होतो. डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, जेवण जात नाही. आठवड्याभरात वास जाणवेनासा होतो आणि आजूबाजूचे म्हणतात, झाली बघ सवय. सवय झालेली असते ती फक्त नाकाला. थिनरमधलं टोल्युइन आणि झायलीन पहिल्या दिवशी रक्तात जेवढं उतरत होतं तेवढंच आजही उतरत असतं. आणि बूथमधली, म्हणजे फवारणीच्या बंद खोलीतली, सगळ्यात घातक गोष्ट म्हणजे पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरमधलं, म्हणजे रंग कडक व्हायला त्यात मिसळायच्या द्रव्यातलं, आयसोसायनेट. त्याला ओळखू येईल असा वासच नसतो. कधी आलाच, तर तोवर हवेतली मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. म्हणून या कामात पहिल्या दिवसापासून एक गोष्ट पक्की धरायची: वास येत नाही म्हणजे हवा चांगली आहे, असं नाही.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी अशा भागांतल्या शॉपमध्ये किंवा रस्त्याकडेच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात जे नव्याने गन हातात धरणार आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हेल्परसाठी तर आहेच, कारण पेंटरच्या तोंडाला निदान काहीतरी असतं आणि पाइप धरणाऱ्या पोराच्या तोंडाला फक्त रुमाल.

डबा उघडण्याआधी: क्रमांक वाचा

प्रत्येक रंग, हार्डनर, थिनर आणि प्रायमरसोबत कंपनी सुरक्षा माहितीपत्रक देते; शॉपमध्ये त्याला एसडीएस म्हणतात. त्यात 16 भाग असतात. नवख्याने त्यातले चार आधी वाचावेत: भाग 2 मध्ये धोके, भाग 3 मध्ये आत काय आहे ते, भाग 4 मध्ये प्रथमोपचार आणि भाग 8 मध्ये मास्क-हातमोजे. पत्रक इंग्रजीत असतं म्हणून घाबरू नका. भाग 3 मध्ये प्रत्येक रसायनापुढे सीएएस क्रमांक, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक, छापलेला असतो, आणि तो जगभर एकच असतो. हे क्रमांक वहीत उतरवून ठेवा:

822-06-0 आणि 28182-81-2: एचडीआय आयसोसायनेट आणि त्याचं पॉलिमर (हार्डनरमध्ये)
108-88-3: टोल्युइन
1330-20-7: झायलीन
71-43-2: बेंझीन
67-56-1: मिथेनॉल
110-54-3: एन-हेक्झेन
75-09-2: मिथिलीन क्लोराइड (पेंट रिमूव्हरमध्ये)
7758-97-6: लेड क्रोमेट (पिवळ्या-नारिंगी औद्योगिक रंगांत)
7789-06-2: स्ट्रॉन्शियम क्रोमेट (गंजरोधक प्रायमरमध्ये)
100-42-5: स्टायरीन (पुट्टीत)

बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं. एन-हेक्झेनने हातापायांच्या नसा मरतात. आधी पायाची बोटं बधिर होतात, मग चाल बिघडते. सुटं, बिनलेबलचं, कॅनमधून मोजून विकलेलं थिनर स्वस्त पडतं, पण त्यात यांपैकी काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. असं थिनर वापरू नका. दिवसाला वाचणाऱ्या शे-दोनशे रुपयांसाठी हा धोका पत्करणं चूक आहे, आणि मालकाला हे पहिल्याच आठवड्यात सांगितलेलं बरं.

शिशाबद्दल एक गैरसमज आहे. भारतात 2016 च्या नियमांनी रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा घातली आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून ती लागू झाली, पण ती घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती आहे. यंत्रं, ट्रकच्या चासी, पाइपलाइन यांवरचे औद्योगिक रंग तिच्यात येत नाहीत. जेसीबीसारख्या पिवळ्या यंत्राचा जुना रंग घासायला आला, तर त्यात शिसं आहे असं धरूनच कामाला लागा.

मिक्सिंग

रंग कालवायची जागा बूथच्या आत किंवा वेगळ्या, हवा खेचणाऱ्या पंख्याच्या खोलीत हवी. पंखा जमिनीलगत लावा. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली बसते आणि सर्व्हिसिंगच्या पिटात, गटारात, टाकीच्या तळाशी साठते. टोल्युइन 4 अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे वर्षभर. मोठ्या ड्रममधून थिनर ओतताना ड्रम आणि डबा धातूच्या क्लिपच्या तारेने एकमेकांना व अर्थिंगला जोडा, म्हणजे ओतताना स्थिर विजेची ठिणगी पडणार नाही. पाइप तोंडाने ओढून थिनर काढायचं नाही. कोणी गिळलंच तर उलटी काढायला लावू नका. वर येताना ते फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. लगेच दवाखाना.

लागेल तेवढंच कालवा. क्लिअर (वरचा पारदर्शक थर) आणि हार्डनरचं माप 2:1 की 4:1, हे डब्यावर असेल तेच. 'लवकर सुकावं' म्हणून हार्डनर वाढवला तर हवेतलं आयसोसायनेट वाढतं आणि फिनिशही ठिसूळ होते.

कालवताना आणि गन धुताना जाड नायट्राइल हातमोजे, डोळ्यांवर बंद गॉगल. फवारताना एकदाच वापरायचे पातळ नायट्राइल चालतात, पण ते शिंतोड्यांपुरते. थिनरमध्ये भिजले की काही मिनिटांत पाझरतात, ॲसिटोन असेल तर त्याहून लवकर. भिजले की फेका. दवाखान्यातले पांढरे लॅटेक्सचे मोजे थिनरपुढे निरुपयोगी आहेत. आयसोसायनेट कातडीवर पडूनही शरीराला त्याची ॲलर्जी जडू शकते, म्हणून हातमोज्यांना मास्कइतकंच महत्त्व द्या. इपॉक्सी प्रायमरचंही तसंच: त्याने हातावर एकदा इसब उठलं की पुढे थोड्याशा स्पर्शानेही उठतं.

मास्क: कोणता, आणि का

रुमाल, सर्जिकल मास्क, एन-95: यांतल्या कशानेही थिनरची वाफ अडत नाही. एन-95 धुळीसाठी आहे, घासकामाला तो ठीक.

हार्डनर नसलेल्या साध्या वनके रंगासाठी रबरी हाफ मास्क घ्या आणि त्याला तपकिरी पट्टीचं, सेंद्रिय वाफ शोषणारं ए2 कार्ट्रिज लावा. त्यावर पांढऱ्या पट्टीचा पी3 फिल्टर हवाच, कारण फवाऱ्याचे थेंब कार्ट्रिजमधला कोळसा अडवत नाही. कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख मार्करने लिहा. काम झाल्यावर झिपच्या पिशवीत बंद करून ठेवा. बूथमध्ये खिळ्याला टांगून ठेवलेलं कार्ट्रिज रात्रभर वाफ शोषत राहतं आणि सकाळी अर्धं संपलेलं असतं. पावसाळ्यात दमट हवेने ते आणखी लवकर संपतं.

पीयू म्हणजे टूके रंगाला मात्र कार्ट्रिजवर भागवू नये. कारण साधं आहे. कार्ट्रिज संपलं हे आपल्याला कळतं ते मास्कच्या आत वास यायला लागल्यावर, आणि आयसोसायनेटचा वास येतच नाही. ब्रिटनमध्ये हवेतल्या आयसोसायनेटची 8 तासांची मर्यादा घनमीटरमागे 0.02 मिलिग्रॅम आहे, आणि फवारताना बूथमध्ये याच्या कित्येक पट असू शकतं. म्हणून टूके फवारायला बाहेरून हवा पुरवणारा मास्क किंवा व्हायझर (पूर्ण चेहरा झाकणारी काच) लागतो. मालक म्हणेल महाग आहे. हो, आहे. पण तो नसेल, तर पूर्ण गाडीचं पीयू काम बूथ आणि हवेचा मास्क असलेल्या शॉपकडे द्यावं हेच आमचं स्पष्ट मत आहे.

या मास्कला हवा गनच्याच कॉम्प्रेसरमधून घेतात, तिथेही चूक होते. गनला चालणारी हवा श्वासाला चालतेच असं नाही. तेलावर चालणारा कॉम्प्रेसर तापला की तेल जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि साधा कोळशाचा फिल्टर तो अडवत नाही. कॉम्प्रेसरचं हवा ओढणारं तोंड बूथच्या एक्झॉस्टपासून आणि जनरेटरच्या धुरापासून लांब, मोकळ्या जागी असावं. श्वासाच्या हवेसाठी वेगळा फिल्टर संच लावा, रोज सकाळी त्यातलं पाणी-तेल काढा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवून घ्या. व्हायझर चढवण्याआधी हवेचा प्रवाह पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला पोचतोय का ते पाहा.

हाफ मास्क चेहऱ्यावर बसला की नाही हे रोज तपासायचं. कार्ट्रिजची तोंडं तळव्यांनी झाका, हळूच श्वास आत ओढा आणि 10 सेकंद धरा. मास्क गालाला चिकटून राहिला तर ठीक; फुस्स करत हवा आत आली तर पट्टे पुन्हा बांधा. दोन दिवसांची दाढी असली तरी रबर नीट बसत नाही.

ट्रिगर सोडल्यानंतरची मिनिटं

अनेकांना इथेच बाधा होते, म्हणून हे सावकाश वाचा.

क्लिअरचा शेवटचा हात मारून झाला. पेंटर मागे सरकतो आणि शाइन कशी आली, कुठे ओघळ आलाय का, हे बघायला व्हायझर कपाळावर सरकवतो, बॉनेटवर वाकतो. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ दिसतंय का ते बघतो. हवा स्वच्छ दिसते, पण स्वच्छ नसते. थेंबांतले मोठे थेंब खाली बसले, बारीक थेंब डोळ्यांना दिसत नाहीत आणि ते अजून तिथेच तरंगत असतात. फवारताना तासभर जपलेलं छातीचं आरोग्य या अर्ध्या मिनिटात धोक्यात येतं, आणि दिवसातून पाच-सहा वेळा तेच घडतं.

प्रत्येक बूथला हवा पूर्ण साफ व्हायला ठरावीक वेळ लागतो. चांगल्या बूथला ही काही मिनिटं असतात. एक्झॉस्ट पंखा लावलेल्या साध्या खोलीला 20 मिनिटं किंवा त्याहून जास्तही लागतात. आपल्या बूथचा वेळ अंदाजाने धरू नका, मोजा. डीजे किंवा डेकोरेशनवाल्याकडे धुराचं मशीन भाड्याने मिळतं. बूथ रिकामा करा, आत एकही उघडा डबा ठेवू नका. पंखा बंद ठेवून खोली धुराने भरा, मशीन बंद करा, बाहेर या, पंखा सुरू करा आणि मोबाइलवर वेळ लावा. काचेतून दिवे लावून बघत राहा. कोपऱ्यातला शेवटचा धूर गेला की थांबा. आलेला आकडा वरच्या पूर्ण मिनिटाला नेऊन दारावर ठळक लिहा. धूर दाराच्या फटीतून बाहेर येत असेल तर तेही याच वेळी दिसतं. बाहेर घासकाम करणारे आणि चहा आणणारा पोरगा हीच हवा घेत असतात.

ट्रिगर सोडल्यापासून तेवढा वेळ होईपर्यंत व्हायझर वर करायचा नाही. शाइन बघायची असेल तर व्हायझरमधूनच. काचेवरची पारदर्शक फिल्म मळली की सोलून नवी लावा. ती मळकी असते म्हणूनच लोक व्हायझर वर करतात. बाहेर यायचं तर मास्क घालूनच बाहेर या, तिथे हवेची नळी सोडा. पंखा तेवढा वेळ चालूच राहिला पाहिजे. वीज वाचवायला गन ठेवताच पंखा बंद करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे, ती मोडा.

बूथची फिल्टरं भरली की हा वेळ वाढतो. दाबाचं मीटर असेल तर फिल्टर बदलण्याची खूण त्यावर करून ठेवा. नसेल तर एक्झॉस्टच्या जाळीसमोर टिश्यूपेपरची पट्टी टांगा. ती जाळीकडे ठाम ओढली गेली पाहिजे.

फवारा कमी उडवला तर हवेत रंग कमी राहतो. जुन्या हाय-प्रेशर गनमधून निम्म्याहून जास्त रंग हवेत जातो. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाबाच्या) गनमध्ये 65 टक्के किंवा जास्त रंग पत्र्यावर बसतो, आणि तिच्या एअर कॅपवर दाब 10 पीएसआयच्या आत असतो. गन पत्र्यापासून 15 ते 20 सेंटिमीटर, काटकोनात.

गन धुताना

कपात थिनर घालून ते हवेत 'फुस्स' करून उडवणं ही सगळीकडची सवय. तेव्हा मास्क काढलेला असतो आणि आपण बूथबाहेर असतो, म्हणजे फवाऱ्याइतकीच वाईट स्थिती. गन वॉशच्या बंद पेटीत धुवा. पेटी नसेल तर गन उघडून भाग थिनरच्या झाकणाच्या डब्यात भिजवून ब्रशने साफ करा. चाचणीचा फवारा मारायचाच असेल तर बूथमध्ये, पंखा चालू आणि मास्क चढवून.

एअरलेस गनवाल्यांसाठी, म्हणजे हवेशिवाय नुसत्या दाबाने रंग फेकणारी गन वापरणाऱ्यांसाठी, वेगळा इशारा. तिच्यात दाब 200 बारच्या आसपास असतो. नोझल साफ करताना बोट समोर आलं तर रंग कातडी फोडून आत घुसतो. बाहेरून सुई टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि माणूस हळद लावून कामाला लागतो. आत मात्र रंग स्नायूंच्या पदरातून पसरत असतो. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट कापावं लागू शकतं. थेट मोठ्या रुग्णालयात जा, डब्याचं लेबल सोबत न्या आणि 'हाय प्रेशरने रंग आत गेलाय' असं सांगा. आधी दाब सोडा, ट्रिगर लॉक करा, मग नोझलला हात.

हार्डनर सांडलं तर

शॉपमध्ये हे द्रावण आधीच बनवून ठेवा: 10 लिटर पाणी, अर्धा ते एक किलो धुण्याचा सोडा (खायचा नव्हे), 100 मिलिलिटर लिक्विड साबण. हार्डनर सांडलं की मास्क व हातमोजे घालून त्यावर कोरडी वाळू टाका, फावड्याने उघड्या डब्यात भरा आणि वरून हे द्रावण ओता. झाकण घट्ट लावू नका. आयसोसायनेट पाण्याशी मिळून कार्बन डायऑक्साइड वायू सोडतं, आणि बंद डबा फुटतो. दोन दिवस मोकळ्या हवेत, माणसांपासून लांब ठेवा. हार्डनरच्या अर्ध्या डब्यात पाणी गेल्यास झाकण फुगतं तेही यामुळेच; असा डबा स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका.

घासकाम, वेल्डिंग, टाकी

पुट्टी आणि जुना रंग शक्यतो वॉटर पेपरने ओला घासा, नाहीतर व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरने. शिशाच्या किंवा क्रोमेटच्या रंगाला पी3 फिल्टर लागतोच. खालची धूळ झाडूने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. पीयू रंग असलेल्या पत्र्यावर थेट वेल्डिंग केलं तर जळणाऱ्या रंगातून पुन्हा आयसोसायनेट सुटतं, म्हणून जोडाभोवतीचा रंग आधी काढून टाका. रंग काढायला मिथिलीन क्लोराइडचं रिमूव्हर बंद जागेत वापरू नका. शरीरात त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि टाक्यांमध्ये त्याने माणसं दगावली आहेत. टाकीत कोणी बेशुद्ध पडला तर मागोमाग उतरू नका. हवा आत सोडा, 108 ला फोन करा, दोरी-हार्नेसने ओढा.

हात, तंबाखू, कपडे

थिनरने हात धुऊ नका. थिनर कातडीचं तेल ओढून घेतं, भेगा पडतात आणि त्याच भेगांतून रसायन आत जातं. हातावरचा ओला रंग गोडेतेल किंवा खोबरेल चोळून सैल करा, फडक्याने पुसा, मग साबण आणि पाणी.

जेवणाआधी तर हात धुवाच, पण तंबाखू मळण्याआधीही धुवा. घासकामानंतर डाव्या तळव्यावर चुना-तंबाखू मळताना तळव्याच्या रेषांमधली पिवळी धूळ त्यातच मिसळते आणि थेट ओठाखाली जाते. शिसं शरीरात जाण्याचा यापेक्षा सरळ रस्ता नाही. चहाचा ग्लास मिक्सिंगच्या टेबलावर ठेवू नका.

कामाचे कपडे शॉपमध्येच बदला आणि घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार बाधते, आणि बाबा घरी येताच मूल कमरेला मिठी मारतं. गरोदर बाईला थिनरच्या व शिशाच्या कामावरून दुसरीकडे हलवावं.

गूळ खाल्ला की छातीतला रंग निघतो, दूध प्यायलं की विष उतरतं, असं जुने कारागीर मायेने सांगतात. गूळ-दूध जरूर खा-प्या, पण फुप्फुसात गेलेलं त्याने निघत नाही.

छाती काय सांगते

आयसोसायनेटचा दमा पहिल्या दिवशी होत नाही. काही आठवडे, महिने, कधी वर्षं सगळं ठीक चालतं, मग शरीराला त्याची ॲलर्जी जडते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याच्या सांगण्यानुसार तिथल्या वाहन रंगवणाऱ्यांना दमा होण्याचा धोका इतर कामगारांच्या सुमारे 80 पट आहे. एकदा ॲलर्जी जडली की अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. मग मास्क घालून तेच काम चालू ठेवणं सुरक्षित नसतं.

ओळख अवघड का जाते, तर त्रास बऱ्याचदा कामावर होत नाही. संध्याकाळी किंवा रात्री खोकला, छाती आवळल्यासारखी, शिट्टीसारखा आवाज. माणूस म्हणतो थंडी बाधली. गणपतीला आठ-दहा दिवस गावी गेला की एकदम बरं वाटतं, आणि तो म्हणतो गावाकडची हवाच वेगळी. नेमका हाच फरक डॉक्टरांना सांगायचा. एका रविवारने फरक दिसेलच असं नाही, काहींना बरं वाटायला जास्त दिवस लागतात.

संशय आला तर पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारं छोटं यंत्र, घ्या. औषधाच्या दुकानात मिळतो. दिवसातून चार वेळा फुंका: उठल्यावर, कामावर पोचल्यावर, काम सुटल्यावर, झोपताना. प्रत्येक वेळी तीन फुंकर, त्यातला मोठा आकडा वहीत. असं चार आठवडे, सुट्टीच्या दिवसांसह, आणि त्या दिवशी काय फवारलं तेही शेजारी. कामाच्या दिवसांत आकडे खाली आणि सुट्टीत वर, असं दिसलं तर ही वही कोणत्याही एक्स-रेपेक्षा उपयोगी आहे. एक्स-रे अशा दम्यात बहुधा स्वच्छच येतो.

त्रास नसला तरी कामाला लागण्याआधी स्पायरोमेट्री (फुप्फुसांची फुंकर-चाचणी) करून घ्या, मग 6 आठवड्यांनी, 12 आठवड्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा. घासकाम करणाऱ्यांनी रक्तातलं शिसं तपासावं. रंगाऱ्याच्या कामाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलेलं आहे, तेव्हा लघवीत रक्त दिसलं (मूत्राशयाच्या कर्करोगाची ती खूण असू शकते) तर थांबू नका.

दवाखान्यात काय बोलायचं

'खोकला आहे' एवढंच सांगितलं तर खोकल्याचं औषध मिळतं. असं सांगा: 'मी पीयू रंग फवारतो, हार्डनरमध्ये आयसोसायनेट आहे, इतक्या महिन्यांपासून काम करतो, रात्री छाती भरते, सुट्टीत बरं वाटतं.' हार्डनरच्या लेबलचा फोटो दाखवा आणि हे वाक्य केस पेपरवर लिहून घ्या. आयसोसायनेटची विषबाधा कायद्यातल्या, डॉक्टरांनी सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत आहे. कामातून झालेला दमा कामामुळे होणाऱ्या रोगांच्या यादीतही आहे. म्हणजे ईएसआयचं (राज्य कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तो कामावरच्या अपघातासारखा धरला जातो, आणि ज्यांना ईएसआय नाही त्यांना कायद्यातल्या भरपाईच्या तरतुदींखाली मालकाकडे दावा करता येतो. दोन्हीकडे पुरावा लागतो: केस पेपर, पीक फ्लोची वही, हजेरीपत्रक किंवा पगाराची स्लिप. कंत्राटी कामगारांनी गेटपासचा फोटो जपून ठेवा, ठेकेदार बदलला की तोच एक कागद हातात उरतो.